कमरेच्या मणक्यातील नलिका अरुंद झाल्यावर: फिजिओथेरपीच्या उपचारांचे तुलनात्मक परीक्षण

कमरेच्या मणक्यांमधील नलिका अरुंद होण्याच्या विकाराचा एमआरआयच्या अहवालात ‘लंबर कॅनॉल स्टेनोसिस’ असा उल्लेख येतो. त्यासाठी आपल्याकडील फिजिओथेरपी केंद्रांत मिळणाऱ्या उपचारांची यादी बरीच लांब असते: ट्रॅक्शन (पट्ट्याने कंबर ओढणे), आयएफटी आणि टेन्स (कातडीवर पॅड लावून सौम्य विद्युतप्रवाह देणे), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), शॉर्ट वेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी खोलवर शेक), मॅन्युअल थेरपी (हाताने सांधे व स्नायू मोकळे करणे), निरनिराळे व्यायाम, आणि क्वचित ट्रेडमिल व सायकल. पासष्टी ओलांडल्यावर चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधला हा अरुंदपणा माझ्या वाट्याला आला. पुण्यातल्या वेगवेगळ्या केंद्रांत यांतले बहुतेक उपचार मी घेतले आहेत, आणि त्यांच्यावर झालेल्या महत्त्वाच्या चाचण्याही वाचल्या आहेत. सगळ्या उपचारांना मी एकच कसोटी लावली आहे, ती म्हणजे उपचारानंतर मध्ये न बसता किती अंतर चालता येते. दुखणे किती कमी झाले हा प्रश्न मी मुद्दाम दुय्यम मानला आहे, कारण या विकारात माणसाने चालणे सोडून दिले की दुखणे आपोआप कमी होते, आणि घरात बसून राहिलेला रुग्ण ‘आता बराच फरक आहे’ असे अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

वय वाढते तशी मणक्यांमधली चकती वाळून तिची उंची घटते, मागच्या बाजूचे लहान सांधे जाड होतात, आणि नलिकेच्या आतल्या अंगाला असलेला पिवळा अस्थिबंध (लिगामेंट) जाड होऊन नसांच्या जागेत शिरतो. काही रुग्णांत वरचा मणका खालच्यावरून थोडा पुढे सरकलेलाही असतो. उभे राहिल्यावर आणि चालताना कमरेचा बाक मागे वळलेला राहतो, नलिका आणखी आक्रसते, नसांचा रक्तपुरवठा अपुरा पडतो, आणि कुल्ह्यांपासून पोटऱ्यांपर्यंत जडपणा, मुंग्या व वेदना सुरू होतात. बसले किंवा पुढे वाकले की जागा मोकळी होऊन काही मिनिटांत आराम पडतो. डच न्यूरोसर्जन हेंक फर्बीस्ट यांनी १९५४ साली या लक्षणांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. डीमार्टमध्ये ट्रॉलीच्या दांड्यावर ओणवून निवांत फिरणाऱ्या माणसाला तिथून रिकाम्या हाताने रिक्षाथांब्यापर्यंत चालणे जड जाते, किंवा पर्वतीच्या पायऱ्या चढताना ठीक असलेले पाय उतरताना भरून येतात, ते यामुळेच. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण त्या विकारात नुसते उभे राहिले तरी दुखणे थांबते, आणि पुढे वाकून सायकल चालवली तरी ते होते. मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असलेल्यांनी पायांच्या नाड्या तपासून घेतल्याशिवाय फिजिओथेरपीचे पैसे भरू नयेत, असे माझे मत आहे.

आपल्याकडील केंद्रांविषयीचा माझा पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप यंत्रांवर नसून छापील कागदावर आहे. कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला व्यायामांचा एकच झेरॉक्स कागद देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि तो कागद बहुधा चकती सरकलेल्या (स्लिप डिस्क) तरुण रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला असतो. पुढे वाकू नका, पोटावर झोपून छाती वर उचला, म्हणजे थोडक्यात भुजंगासन आणि शलभासन करा, असे त्यात सांगितलेले असते. चकती सरकलेल्या अनेकांना याचा उपयोग होतो. नलिका अरुंद झालेल्या बहुतेकांच्या बाबतीत मात्र हेच व्यायाम पायांतील मुंग्या वाढवतात, कारण कंबर मागे वाकवली की मुळात अपुरी असलेली जागा आणखी कमी होते. योगवर्गांतही हीच अडचण येते. पवनमुक्तासन आणि शशांकासन या विकारात बहुधा मानवतात, तर धनुरासन, उष्ट्रासन आणि सूर्यनमस्कारातील हात वर करून मागे वळण्याची स्थिती बहुतेकांना सोसत नाही. अपवाद असतात, विशेषतः ज्यांना अरुंदपणाबरोबर चकतीचाही त्रास आहे त्यांच्यात. म्हणूनच थेरपिस्टने पहिल्याच दिवशी रुग्णाला पुढे, मागे आणि बाजूंना वाकायला सांगून पायांतील लक्षणे कोणत्या दिशेने कमी-जास्त होतात ते पाहायला हवे. हे पाहण्याआधीच हातात कागद ठेवणाऱ्या केंद्राविषयी मी चांगले लिहू शकत नाही.

आता यंत्रांविषयी. आयएफटीचे चार पॅड कमरेवर लावून रुग्णाला पालथे झोपवायचे, वर गरम शेकाची पिशवी ठेवायची आणि वीस मिनिटांनी घंटी वाजली की उठवायचे, हा बहुतेक केंद्रांतील उपचारांचा कणाच आहे. (पालथे झोपवताना पोटाखाली उशी द्यायची असते, कारण तशी न दिल्यास कंबर मागे वळलेली राहते, ही साधी गोष्ट मला एका केंद्रात स्वतःहून मागावी लागली.) पॅड लावलेले असेपर्यंत आणि नंतर तास-दोन तास बरे वाटते, हे मी नाकारत नाही. कमरेचे ताठर स्नायू सैल होतात आणि त्यानंतरचे व्यायाम सुसह्य होतात. चालण्याच्या अंतरावर मात्र मला काही परिणाम दिसला नाही. टेन्सच्या बाबतीत टोरंटो येथे झालेली चाचणी बोलकी आहे: एका गटाला विद्युतप्रवाह सुरू असलेले टेन्स लावून चालवले, दुसऱ्या गटाला तसेच दिसणारे पण परिणामकारक प्रवाह नसलेले यंत्र लावले, आणि दोन्ही गटांच्या चालण्याच्या अंतरात अर्थपूर्ण फरक निघाला नाही. अल्ट्रासाउंडविषयी तुर्कस्तानात ४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामामुळे दुखणे आणि अडचण कमी झाली. अल्ट्रासाउंड जोडल्याने वेदनाशामक गोळ्या कमी लागल्या, एवढाच त्याचा अधिकचा लाभ. ज्यांच्या मूत्रपिंडांना किंवा जठराला या गोळ्या सोसत नाहीत त्यांच्यासाठी हा लाभ क्षुल्लक नाही, पण तेवढ्यासाठी महिनाभराचे सत्रशुल्क द्यावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शॉर्ट वेव्ह डायथर्मीविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. पेसमेकर बसवलेल्या रुग्णाला ती देत नाहीत, आणि शरीरात धातूचे रोपण असेल तर त्या भागाजवळ ती देणे धोक्याचे असते. या वयाच्या रुग्णांत पेसमेकर आणि खुब्याचे कृत्रिम सांधे या गोष्टी दुर्मीळ नाहीत, तरीही हे विचारल्याशिवाय यंत्र सुरू केलेले मी पाहिले आहे. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांना तर साध्या शेकानेही भाजू शकते.

ट्रॅक्शन हा वडीलधाऱ्या रुग्णांचा विशेष आवडता उपचार आहे. ‘मला वजन लावा’ असे सांगतच ते केंद्रात येतात, आणि मणके ओढले की नलिका रुंद होईल ही कल्पना ऐकायला पटतेही. परंतु अरुंदपणा वाढलेल्या हाडांमुळे आणि जाड झालेल्या अस्थिबंधामुळे आलेला असतो, आणि पट्ट्याने ओढून तो कायमचा दूर होत नाही. कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शनच्या चाचण्यांचा, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये घेतलेला आढावाही त्याच्या बाजूने गेलेला नाही. ट्रॅक्शनवर असताना जो आराम वाटतो त्याचे बरेचसे श्रेय, माझ्या मते, पोटऱ्यांखाली ठेवलेल्या स्टुलाला आहे. खुबे आणि गुडघे काटकोनात वाकवून पाय स्टुलावर ठेवले की कमरेचा बाक सपाट होतो आणि नलिकेत जागा होते. हे घरी सतरंजीवर पडून, खुर्चीवर पाय ठेवून, फुकट करता येते. कमरेच्या पट्ट्याविषयी मात्र मी थोडा उदार आहे. नॉर्थ अमेरिकन स्पाइन सोसायटीच्या मार्गदर्शिकेनुसार पट्टा बांधलेला असताना चालण्याचे अंतर वाढू शकते, पण काढल्यावर तो परिणाम टिकत असल्याचा पुरावा नाही. लग्नकार्य किंवा प्रवास अशा दिवशी तो वापरावा, आणि एरवी कपाटात ठेवावा.

व्यायामांत प्रवेश केला की चित्र बदलते. पुढे वाकण्यावर आधारित व्यायामांची परंपरा पॉल विल्यम्स या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकापर्यंत, म्हणजे १९३७ पर्यंत मागे जाते: उताणे झोपून आधी एक आणि मग दोन्ही गुडघे छातीशी घेणे, पोट आत ओढून कंबर जमिनीला टेकवणे, पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंना बळ देणे. यांपैकी गुडघे छातीशी घेणे हा व्यायाम मी सकाळी अंथरुणातच करतो, आणि चालायला निघण्यापूर्वी तो केला तर पहिला टप्पा निश्चितपणे लांबतो. अनेक कागदांवर न आढळणारी, पण तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मांडीच्या पुढच्या आणि खुब्याच्या आतल्या स्नायूंचा ताण काढणे. वर्षानुवर्षे बसून काम केलेल्यांचे हे स्नायू आखडलेले असतात, आणि उभे राहिले की ते कमरेला पुढे खेचून तिचा बाक वाढवतात. म्हणजे अरुंद नलिकेवर आणखी दाब. हे स्नायू सैल केल्याशिवाय केवळ पोटाचे व्यायाम करत राहणे फारसे फळत नाही. विल्यम्स यांच्या मूळ संचातील उठाबशा मात्र वृद्धांनी टाळाव्यात. हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांत, त्यातही पासष्टीपुढच्या स्त्रियांत, जोर लावून पुढे वाकण्याच्या व्यायामाने मणका पिचण्याचा धोका असतो, आणि त्यांनी हाडांच्या घनतेची तपासणी करून घेऊनच वाकण्याचे व्यायाम ठरवावेत.

या सर्वांत मला सर्वाधिक गुणकारी वाटलेला, आणि आपल्याकडे चांगल्या प्रकारे सर्वांत कमी मिळणारा उपचार म्हणजे व्यायामाला जोडून केलेली मॅन्युअल थेरपी. या नावाखाली मालिशही खपवली जाते, म्हणून नेमके काय अपेक्षित आहे ते सांगतो. जाणकार थेरपिस्ट अरुंद जागेवर जोर लावत बसत नाही. तो तिच्या वरचा आणि खालचा भाग मोकळा करतो. खुब्याचे सांधे मागे जात नसतील, तर प्रत्येक पावलाला ती उणीव कमरेला मागे वळून भरून काढावी लागते. छातीच्या पाठीमागचे मणके ताठर असतील तर सरळ उभे राहण्याचा सगळा भार कमरेवर पडतो. म्हणून खुबे आणि पाठीचा वरचा भाग यांवर हाताने हलक्या, लयबद्ध हालचाली करून सांधे सैल करायचे, मांडीचे स्नायू ताणायचे, पायांकडे जाणाऱ्या नसा सरकत्या ठेवणाऱ्या हालचाली करायच्या, आणि लगेच त्याच सत्रात रुग्णाला चालायला लावायचे, असा तो क्रम असतो. अमेरिकेत ५८ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला असा हाताने दिलेला उपचार, वैयक्तिक व्यायाम आणि शरीराचे वजन अंशतः तोलून धरणाऱ्या ट्रेडमिलवरील चालणे दिले गेले. दुसऱ्या गटाला पुढे वाकण्याचे व्यायाम, साध्या ट्रेडमिलवरील चालणे आणि नावापुरते अल्ट्रासाउंड. सहा आठवड्यांनी पहिल्या गटातील ७९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ४१ टक्के रुग्णांनी आपण सुधारल्याचे सांगितले. वर्षानंतर हे प्रमाण अनुक्रमे ६२ आणि ४१ टक्के होते. चाचणी लहान होती आणि पहिल्या गटाला थेरपिस्टचा स्पर्श व सहवास अधिक मिळाला, हे लक्षात घेऊनही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

अर्थात हा उपचार हातांवर अवलंबून आहे आणि सगळे हात सारखे नसतात. एका केंद्रात पहिल्या दिवशी ज्येष्ठ थेरपिस्टने अर्धा तास देऊन खुब्याची हालचाल मोजली, आणि पुढच्या भेटींत ‘काका, आज फक्त मशीन लावू या’ म्हणणाऱ्या शिकाऊ मुलांच्या स्वाधीन केले. दुसरीकडे एका छोट्या, दोन खाटांच्या केंद्रातील मॅडम प्रत्येक सत्राच्या आरंभी आणि शेवटी बाहेरच्या बोळात चालवून अंतर वहीत लिहीत असत. तिथे यंत्रे जुनी होती, वातानुकूलन नव्हते, आणि माझ्या कसोटीवर तेच केंद्र सर्वांत वर राहिले. कट्‌कन आवाज काढून ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्यांकडे मात्र या वयात, या विकारात, जाऊच नये.

चालण्याच्या सरावासाठी ट्रेडमिल चांगली की सायकल, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पट्ट्यांनी वर टांगून शरीराचे वजन कमी करणारी ट्रेडमिल आपल्याकडे मोठ्या पुनर्वसन केंद्रांखेरीज फारशी दिसत नाही, आणि तिचे सत्र महाग पडते. सिंगापूरमध्ये ६८ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी ट्रेडमिल आणि साधी सायकल यांची सहा आठवड्यांसाठी तुलना केली गेली, आणि दोन्हींच्या परिणामांत फरक आढळला नाही. मला हा निष्कर्ष अत्यंत दिलासादायक वाटतो. स्थिर सायकलवर माणूस आपोआप थोडा पुढे झुकतो, नलिका मोकळी राहते, आणि पाय भरून येण्याची भीती न बाळगता हृदय, फुप्फुसे व मांड्या यांना पुरेसे काम देता येते. हँडल थोडे पुढे असावे आणि बसताना अंग त्यावर झुकवावे. ताठ बसून सायकल मारण्यात तो लाभ कमी होतो. ज्यांचे गुडघे झिजलेले आहेत त्यांनी बैठक थोडी उंच ठेवावी. साधी ट्रेडमिल वापरायची असेल तर तिला किंचित चढ द्यावा, कारण चढावर शरीर पुढे झुकते. रस्त्यावरच्या सरावासाठी मला उपयोगी पडलेली रीत अशी की, पाय असह्य होईपर्यंत न थांबता पहिल्या मुंग्या जाणवताच बाकावर बसावे, छाती मांड्यांकडे झुकवावी, पाय मोकळे झाले की पुन्हा उठावे. त्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर बाके असलेली बाग निवडावी. शहरातल्या पदपथांवर ही सोय जवळजवळ नसल्यामुळे तिथे हा सराव होत नाही.

जलोपचाराविषयी थोडक्यात सांगायचे तर, छातीभर कोमट पाण्यात चालणे सुखद असते आणि वजनाचा भार कमी झाल्याने अंतरही वाढते, पण अशी सोय असलेली केंद्रे मोजकीच आहेत. पोहता येणाऱ्यांनी छातीवर पोहण्याचा, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकचा प्रकार टाळावा; त्यात मान आणि कंबर मागे वळते.

व्यायाम घरी करावेत की देखरेखीखाली, याचे उत्तर मी आधी ‘घरीच’ असे दिले असते, पण पुरावा वेगळे सांगतो. जपानमध्ये ८६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे थेरपिस्टच्या देखरेखीखाली उपचार घेतलेल्यांची लक्षणे आणि चालणे घरी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारले. टोरंटोच्या १०४ रुग्णांच्या चाचणीतही सहा आठवड्यांच्या सर्वंकष कार्यक्रमाने, स्वतःच पुस्तिका व व्हिडिओ पाहून सराव करणाऱ्या गटाला मागे टाकले, आणि तो लाभ पुढेही टिकला. जपानच्या चाचणीच्याच वर्षी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पिट्सबर्गची २५९ रुग्णांची चाचणी मात्र उत्साहाला आवर घालते. तिथे औषधोपचार, ज्येष्ठांच्या केंद्रांतील सामूहिक व्यायाम आणि मॅन्युअल थेरपीसह वैयक्तिक व्यायाम असे तीन गट होते. दोन महिन्यांनी तिसरा गट आघाडीवर होता, आणि सहा महिन्यांनी तिन्ही गट जवळपास समान पातळीवर आले. म्हणजे जाणकार हाताने दिलेला वेग टिकवायचा असेल तर सहा आठवडे संपल्यावरही सराव चालू ठेवावा लागतो. यावरून मी काढलेला व्यवहार असा की सहा आठवडे, आठवड्यातून दोन भेटी, एवढ्यांवर चांगला थेरपिस्ट पाहून पैसे खर्च करावेत, आणि त्यानंतर तेच पैसे स्थिर सायकलवर घालावेत. रोज येऊन यंत्र लावून घेण्याची महिनाभराची पॅकेजे आगाऊ पैसे भरून घेऊ नयेत, सवलत कितीही असली तरी.

खर्चाचा विचार करता पुण्या-मुंबईत खासगी केंद्रातील एका सत्राला काही शे रुपये लागतात, आणि घरी येणारा थेरपिस्ट त्याहून अधिक घेतो. घरी बोलावण्याची सोय अगदीच बाहेर न पडू शकणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण तिथे सायकल नसते, ट्रेडमिल नसते आणि बहुधा छोटे आयएफटी यंत्रच बॅगेतून बाहेर निघते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) शिक्षण १९५० च्या दशकापासून दिले जाते, आणि अशा शिकवणाऱ्या सार्वजनिक रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग नाममात्र शुल्कात तपासणी करून देतात. गर्दी असते, वेळ जातो. परंतु विद्यार्थ्याने तपासलेल्या रुग्णाला शिक्षक पुन्हा तपासतात, आणि रुग्णाचा कसून अभ्यास होतो तो अशाच ठिकाणी. खासगी थेरपिस्टची पदवी आणि राज्य परिषदेकडील नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये. त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे, ‘माझी सुधारणा तुम्ही कशी मोजणार?’ याला ‘तुम्हालाच बरे वाटेल’ असे उत्तर मिळाले तर दुसरे केंद्र पाहावे.

शस्त्रक्रिया टाळण्यासाठी म्हणून फिजिओथेरपी घेणाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली एक अमेरिकन चाचणी समजून घ्यावी. शस्त्रक्रियेला संमती दिलेल्या १६९ रुग्णांपैकी काहींची शस्त्रक्रिया आणि काहींची सहा आठवड्यांची फिजिओथेरपी असे चिठ्ठीने ठरवण्यात आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या शारीरिक क्षमतेत फरक नव्हता, हा भाग फिजिओथेरपीच्या जाहिरातींत आवर्जून येतो. फिजिओथेरपीच्या गटातील ५७ टक्के रुग्णांनी त्या काळात शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली, हा भाग येत नाही. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो की आधी व्यायामाला संधी दिल्याने रुग्णाचे नुकसान होत नाही, काहींची शस्त्रक्रिया टळते, आणि बऱ्याच जणांची टळत नाही. २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी तीन वर्षांपर्यंत साधारण एक तृतीयांश रुग्ण सुधारतात, निम्मे आहेत तसेच राहतात आणि १० ते २० टक्के बिघडतात. ‘शंभर टक्के बरे करू’ असे लिहिलेल्या फलकांचे मोल या आकड्यांवरून ठरवता येते. पाठीतील स्टिरॉइडच्या इंजेक्शनांचा आधार घेऊन व्यायाम पुढे ढकलणेही फायद्याचे नाही. ४०० रुग्णांच्या २०१४ मधील चाचणीत सहा आठवड्यांनंतर स्टिरॉइड मिसळलेले इंजेक्शन नुसत्या भूल देणाऱ्या औषधाहून फारसे सरस ठरले नाही.

काही लक्षणे दिसली तर या तुलनेचा काही उपयोग नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, किंवा पाऊल उचलले न जाता चप्पल निसटू लागणे यांपैकी काहीही झाल्यास कोणत्याही थेरपिस्टने व्यायाम किंवा यंत्र चालू ठेवू नये. ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, मणक्याचे शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे आणि एमआरआय करून घ्यावा.